शेवंतीचं रेडकू

वर्षाराणी त्या दिवशी खाली निघाली होती ती निव्वळ कोथिंबीर आणायला. दिवस कलला होता. भाजीचा गाडा गेटवर यायची ती वेळ. गाडेवाल्याला आत सोडत नाहीत, म्हणून 'रॉयल ॲकर्स'मधल्या सगळ्या बायका पिशव्या घेऊन गेटपाशी जमायच्या आणि गजांतून हात बाहेर घालून भेंडी निवडायच्या. नवीन राहायला आली तेव्हा वर्षाराणीला ते बघून हसूच फुटलं होतं. कळंब्याच्या जेलात भेटायला आल्यागत दिसायचं सगळं, फक्त आत कोण आणि बाहेर कोण ते कळायचं नाही.

पाच महिन्यांचा राजवीर खांद्यावर, पिशवी मनगटाला. ती चप्पल घालत होती तेवढ्यात दाराजवळच्या भिंतीवरचा इंटरकॉम वाजला.

"हॅलो?"

पलीकडून कुणी बोललं नाही. नुसता श्वास येत होता. लांब, ओला, दमलेला. घाट चढून आल्यावर माणूस टेकतं आणि तोंडानं हवा ओढतं, तसा.

तिला वाटलं अंबूबाई आली. अंबूबाई म्हणजे तिची मावशी, भुदरगडाकडची. डिंकाचे लाडू घेऊन येते म्हणून दिवाळीपासून सांगत होती, आणि तिला दमाही होता.

"मावशे, तू हाईस व्हय?"

श्वास तेवढा चालू राहिला. गेटवरचा माणूस नेहमी एकच विचारायचा, पावणं आल्यात, आत सोडू का? तेच विचारायचं असणार, असं धरून वर्षाराणी म्हणाली, "सोडा की आत, मामा. घरचंच हाय. आमचंच हाय."

श्वास थांबला. फोन बंद झाला.

ती राजवीरला घेऊन लिफ्टसमोर उभी राहिली. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचे आकडे वर आले, दार उघडलं. आत कुणी नव्हतं.

वास मात्र होता. ओली वैरण, शेण, आणि मोठ्या उबदार अंगाचा असतो तो वास. तिच्या माहेरी पुढचा सोपा ओलांडून आत पाऊल टाकलं की हाच वास पहिल्यांदा अंगावर यायचा. भ्यायचं सोडून तिला बरंच वाटलं. कुणाच्या चपलेला शेण लागलं असेल, असं म्हणत ती लिफ्टमध्ये शिरली, तर लिफ्ट पीं पीं करून ओरडायला लागली. वर लाल अक्षरं लागली होती. माणसं जास्त झाली की लागायची ती.

आत ती, आणि तिचं तान्हं पोर.

"बाळंतपणात एवढी सुटलो का मी?" ती स्वतःशीच हसली आणि बाहेर आली. लिफ्टचं ओरडणं काही थांबलं नाही. मग जिन्यानं उतरली.

गेटवर नबीलाल होता. पन्नाशीचा माणूस, पांढरी झालेली दाढी, अंगावर वॉचमनचा निळा ड्रेस.

"मामा, मावशी कुठं गेली माझी?"

"कुठली मावशी, वैनी? कोनबी आलं न्हाय."

"आत्ताच इंटरकॉम वाजवलासा की तुमी."

नबीलालनं तिच्याकडं बघितलं. "वळवात वीज पडली तवापास्नं इंटरकॉम मेलाय. मी मोबाईल लावतो न्हवं तुमाला?"

खरंच की. मोबाईलच लावायचा. वर्षाराणी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन बराच वेळ त्या गेटकडं बघत राहिली. मूळचा स्वभावच तिचा चौकस. लहानपणी चुलीवरच्या झाकल्या भांड्यावरचं झाकण काढून बघितल्याशिवाय तिला राहवायचं नाही, आणि त्यापायी दोनदा तोंड भाजून घेतलेलं.

आता घरातली माणसं सांगायला पाहिजेत. वर्षाराणीचा नवरा धैर्यशील, एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, त्या महिन्यात दुपारची पाळी. घरी यायला मध्यरात्र व्हायची. सासू धोंडुबाई, तिला ती आत्ती म्हणायची. आणि राजवीर. ज्या जागेवर रॉयल ॲकर्स उभं आहे, त्यातला उसाचा मोठा तुकडा धोंडुबाईचाच. शहर वाढत वाढत कळंब्याच्या पुढं आलं, हद्दवाढीची बोलणी नुसती पेपरात राहिली, पण बिल्डर काय त्याची वाट बघत बसला नाही. जमिनीच्या बदल्यात ह्यांना फ्लॅट मिळाला. भोवतीनं उंच भिंत, भिंतीवर काटेरी तार, पोहायचा तलाव, आणि आत जनावर आणायचं नाही असा नियम. "शहर हिकडं आलं, बाई," धोंडुबाई म्हणायची, "आमी कुटं गेलतो? आमी जाग्यावरच हाय. तरीबी आत येताना आमालाच नाव इचारत्यात."

त्याच आठवड्यात राजवीर अंगावर प्यायचा बंद झाला.

सकाळी थोडं तोंड लावायचा. संध्याकाळी मात्र मान फिरवायचा. वर्षाराणीनं बडीशेप खाल्ली, शतावरी घेतली, कुणी सांगितलं म्हणून आळिवाची खीर खाल्ली. छाती भरून दुखायची आणि पोरगं तोंड फिरवून हसायचं. त्याच्या हसण्याची एक गंमत होती. हसून झालं की त्याला उचकी लागायची. हसू आणि मागोमाग उचकी, ठरलेलं. एरवी त्या उचकीवर घर फिदा असायचं. आता तिला त्यात काही गोड वाटेना. पोर उपाशी राहतंय, वाळणार, ह्या काळजीनं तिची झोप उडाली.

ती त्याला शहरात डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी वजन केलं आणि म्हणाले, "छान वाढलंय की बाळ. काय पाजता ह्याला?"

"अंगावरचंच," ती म्हणाली, आणि रिक्षात बसल्यावर विचार करत राहिली. प्यायलाच नाही तर वाढलं कशावर?

त्या दिवसापासून तिनं पोरावर नजर ठेवली. संध्याकाळी दिवे लागले की त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस दिसायचा. तिनं बोटानं टिपून हुंगला. कच्चं दूध. आत्ताच काढलेलं, कोमट, म्हशीचं. आणि त्याचे केस बघा, उजव्या कानाच्या वर ओले होऊन एका बाजूला उभे राहिलेले असायचे. कितीदा विंचरले तरी तसेच.

संशय घ्यायला घरात एकच माणूस होतं.

"आत्ती, खरं सांगा, तुमी राजवीरला वरचं दूध पाजतासा का?"

धोंडुबाई शेंगा फोडत बसली होती. शेंग हातातच राहिली. "म्या?"

"तोंडाला वास येतोय त्येच्या."

"आगं, ह्या पिशवीतल्या दुधाचा च्या पिताना मी नाक धरतो, आन ते माज्या नातवाच्या तोंडात घालीन व्हय? आन म्हशीचं म्हणतीस तर दाव की मला म्हस! हितं साधी मांजर आणली तर मिटिंग घेत्यात."

"मग केसाला पाणी कोण लावतंय?"

"पाणी कशाला लावीन? बघू." धोंडुबाईनं पोराला जवळ घेतलं. चष्मा पुढं ओढून ते उभे राहिलेले केस बघितले. त्यावरनं बोट फिरवलं. मग काही बोललीच नाही. शेंगांचं सूप तसंच ठेवून आत गेली.

म्हातारीला राग आला असं वर्षाराणीला वाटलं. पण राग आला की धोंडुबाई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती, हे तिला नंतर जाणवलं.

दोन दिवसांनी समोरच्या संयोगिता मॅडम दारात आल्या. सोसायटीच्या कमिटीवर होत्या त्या. रुमाल नाकाशी धरलेला.

"वर्षाराणी, वाईट वाटून घेऊ नका हं. ग्रुपवर सगळे विचारतायत. लिफ्टमध्ये गोठ्याचा वास येतोय. तुमच्याकडे काही… ठेवलंय का? म्हणजे काही लोकांना जुन्या सवयी असतात."

वर्षाराणी ओशाळली. तेवढ्यात आतून धोंडुबाईचा आवाज आला. "बाई, वास आमच्या घराला न्हाय. आमच्या जमिनीला हाय. तुमी त्येच्यावर येऊन ऱ्हायलाय!"

मॅडम गेल्या. वर्षाराणीच्या डोक्यात मात्र ते लिफ्टचं घर करून बसलं.

त्या दिवशी दिवेलागणीला ती राजवीरला घेऊन लिफ्टच्या बंद दाराशी जाऊन उभी राहिली. मजल्यावर कुणी नव्हतं. कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली आणि परत सामसूम. तिनं दाराच्या पत्र्याला कान लावला.

आधी काहीच नाही. मग खालून, फार खालून…

चर्र… चर्र… चर्र…

कोऱ्या बादलीत पहिली धार पडते तो आवाज. ह्यात चूक व्हायचं कारण नव्हतं. तिनं माहेरी रोज ऐकलेला तो. आता दूध चढेल, फेस दाटेल आणि आवाज जड होईल, असं तिच्या मनात आलं, आणि तसंच झालं. घुम्म… घुम्म… घुम्म…

आणि प्रत्येक धारेला तिच्या खांद्यावरचं पोर घोट घेत होतं.

तिनं त्याला पुढं घेऊन बघितलं. तोंड मिटलेलं. गळ्याची घाटी खालीवर होत होती. घुम्म, घोट. घुम्म, घोट. डोळे अर्धवट झाकलेले, पोट हळूहळू टम्म होत आलेलं. मग ओठांच्या फटीतून फेसाचा एक बुडबुडा आला आणि फुटला. राजवीर हसला. उचकी लागली.

वर्षाराणी घरात पळाली नाही. तिला अजून ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन असतानाच तिनं नबीलालला गाठलं. तो केबिनबाहेर खुर्ची टाकून बसला होता.

"मामा, तुमी पयल्यापास्नं हितंच हाईसा. आमची बिल्डिंग हाय तिथं आधी काय हुतं?"

"तुमच्यात कुनी सांगितलं न्हाय? गोठा हुता की तुमचा. मी डेअरीची दुधाची गाडी चालवायचो तवा. धोंडुबाई मावशींच्या गोठ्यातनं कॅन उचलायचो. तुमची लिफ्ट हाय न्हवं, बराबर तिथं शेवंती बांधलेली असायची."

"शेवंती?"

"म्हस. काय जनावर हुतं, वैनी! शिंगं अशी मागं वळलेली. पाडव्याला सजवून काढली की पोरं मागं पळायची." नबीलालनं इकडंतिकडं बघितलं. आवाज खाली आणला. "जमीन दिल्यावर मावशींनी ती इकली. लांब, कागलाकडं. हितं भिंत झाली, गेट झालं, मी गेटवर लागलो. आन एक दिवस सांजच्याला बघतो तर गेटम्होरं शेवंती. तुटलेलं दावं गळ्यात. चालत आलती बिचारी."

"मग?"

"मग काय? आत जनावर घ्यायचं न्हाय. आत इचारावं तर अजून कोन ऱ्हायला आलेलंच नव्हतं. कोन म्हननार, आत सोडा म्हणून?" तो थांबला. "भिंतीकडंनं फिरत ऱ्हायली. पुढनं मागं, मागनं पुढं. हंबरायची न्हाय. नुसती श्वास टाकत गेटवर यायची, गजातनं तोंड घालायची. शेवटी मागच्या भिंतीला चर काढलेला, त्यात मरून पडलेली गावली."

वर्षाराणीनं गेटच्या गजांकडं बघितलं. तो श्वास तिनं ऐकला होता. आणि ती काय म्हणाली होती तेही तिला शब्दासकट आठवलं. घरचंच हाय. आमचंच हाय.

घरी येऊन तिनं धोंडुबाईला सगळं सांगितलं. इंटरकॉम, लिफ्ट, धारेचा आवाज, पोराचे घोट. म्हातारी भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"केस बघितले तवाच मी वळखलं," ती म्हणाली. "म्हशीनं चाटल्यालं हाय ते. रेडकाला असंच चाटती, एकाच अंगानं."

"पण हितं कशाला आली ती, आत्ती? काय पायजे तिला?"

धोंडुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तिचं रेडकू हाय हितं. बिल्डरनं पयला खड्डा काढला त्यात पडलं ते. हुतं चार दिवसाचं. शेवंती दुधाला हात लावू देईना. मग करत्यात तसं केलं. कातडं सोडवलं, आत भाताचं पिंजर भरलं, दाभणानं शिवलं, चार काड्या पायाला. वरनं मिठाचं पाणी चोळलं आन उभं केलं तिच्या म्होरं. मीठ लागलं की चाटती. चाटाय लागली की पान्हा सुटतो."

वर्षाराणीनं हे लहानपणी एकदा लांबून बघितलं होतं. तेव्हा आईनं डोळ्यांवर हात ठेवला होता आणि हिनं बोटांच्या फटीतून बघितलं होतं.

"आत्ती, म्हशीला खरंच कळत नसतं काय? ते पिंजराचं हाय म्हणून?"

"कळतबी असंल. पर पान्हा दाटला की आई काय बघतीया व्हय? चाटायला कायतरी लागतंय तिला."

"मग ते कुठं गेलं?"

"आम्ही सामान हलवलं तवा गोठ्यातच ऱ्हायलं. जेशीबी आली, सगळं भरावात गेलं. वर तुमची लिफ्ट." धोंडुबाईनं राजवीरकडं बघितलं. तो जमिनीवर पालथा पडून लिफ्टच्या बाजूच्या भिंतीकडं बघत होता. "ती आलीया रेडकासाठी. रेडकू गावलं न्हाय, आन हे गावलं. आज पाजती हाय. पर जनावर आपलं पोर मागं ठेवून जात न्हाय, वर्षे. एक दिवस संगं नेईल."

धैर्यशीलला फोन केला तर तो मशीनच्या आवाजात ओरडला, "लिफ्टच्या खाली ड्रेनेज तुंबलं असंल! आल्यावर बघतो!" आणि ठेवून दिला.

मग त्या दोघींनी त्यांना जे येत होतं तेच केलं. दुसऱ्या कुणाला ते सुचलंही नसतं.

नबीलालनं त्याच्या गावाकडनं पिंजराची पेंढी आणली. धोंडुबाईनं राजवीरचं धुवायला टाकलेलं झबलं घेतलं, टोपडं घेतलं, जुन्या सुती लुगड्याचं अंग केलं, पिंजर ठासून भरलं आणि दाभणानं शिवलं. खडेमीठ पाण्यात विरघळवून वरून चोळलं. हुंगलं तर लेकराचा वास यावा, चाटलं तर मीठ लागावं. वास मुरायला पाहिजे म्हणून दुपारभर ते राजवीरच्या शेजारी, एकाच दुपट्यात निजवून ठेवलं.

वर्षाराणी पाणी प्यायला म्हणून उठली आणि दारातून तिनं आत बघितलं. दोघं पाठमोरी. दोघांची टोपडी सारखी, दोघांच्या पाठी सारख्या. पडद्यामागून येणाऱ्या उन्हात तिला घटकाभर कळेना, ह्यातला आपला कुठला. मग एकानं पाय हलवला आणि तिच्या जिवात जीव आला. तिनं झटकन त्याला उचलून छातीशी धरलं.

दिवेलागण झाली. मजल्यावरची सगळी दारं बंद होती. लिफ्ट वर बोलावून घेतली. धोंडुबाईनं दार उघडं राहावं म्हणून चप्पल फटीत अडकवली आणि ते पिंजराचं बाळ लिफ्टच्या मधोमध ठेवलं. वर्षाराणी जिन्यापाशी, राजवीर तिच्या पदराखाली.

वास आला. पहिल्यांदा हलका, मग असा दाट की श्वास घेतला तर तोंडात चव यावी.

"शेवंते," धोंडुबाई म्हणाली. गोठ्यात शिरताना म्हशीला हाक मारावी तसाच तिचा आवाज होता. "बाई, हे घे तुजं… ह्ये बघ, तुजंच हाय. आता हिचं सोड."

लिफ्ट पीं पीं करायला लागली. लाल अक्षरं लागली. आणि दिवे गेले.

अंधारात फक्त श्वास. लांब, ओला, दमलेला. तो लिफ्टमधून येत होता… मग मधल्या फरशीवरून… मग अगदी जवळून. काहीतरी खरखरीत, गरम, ओलं वर्षाराणीच्या मनगटावर टेकलं. कानस फिरवावी तसं वर सरकलं. पदर बाजूला झाला. तिनं पोराला आवळून धरलं, इतकं की तिला तिची स्वतःचीच बोटं कळेनात. ती जीभ पोराच्या डोक्यावरून गेली. एकदा… परत एकदा… विचार करत असल्यागत.

राजवीर हसला. उचकी लागली.

दुसरी उचकी अर्ध्यावर थांबली.

"आत्ती…" वर्षाराणी म्हणाली.

"हलू नगंस…"

फरशीवर खुरांचा आवाज झाला. लिफ्टचा पत्रा वजनानं करकरला. चप्पल कशी निघाली कुणी बघितलं नाही, पण दार बंद झालं, दिवे आले, आणि लिफ्टचे आकडे एकेक करून खाली गेले.

वर्षाराणीनं वाकून बघितलं. राजवीर तिच्या हातात शांत झोपला होता.

खाली नबीलाल लिफ्टच्या तोंडाशी थांबला होता. तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडलेला. "दार उघाडलं, वैनी. आत काय न्हवतं. पिंजराची काडीबी न्हाय. नुसती फरशी वली."

"नेलं," धोंडुबाई म्हणाली आणि मटकन जिन्यावर बसली. "नेलं बाई तिनं. सुटलो."

खरंच सुटल्या म्हणायच्या. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टला वास नाही. धारेचा आवाज नाही. संयोगिता मॅडमनी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं. धोंडुबाईनं लिफ्टसमोर नारळ फोडला आणि त्याचे तुकडे मॅडमच्याही घरी पाठवले. आणि मुख्य म्हणजे राजवीर प्यायला लागला. सकाळी, संध्याकाळी, जेव्हा घेईल तेव्हा. असा ओढून प्यायचा की वर्षाराणीला डोळ्यांत पाणी यायचं. पोरगं परत आपलं झालं, एवढंच तिला वाटायचं.

"लईच शहाणं झालंय गं," धैर्यशील म्हणाला. "रडत न्हाय, कुरकुरत न्हाय. ठिवलं तिथं ऱ्हातंय."

"व्हय," वर्षाराणी म्हणाली. हसतही नाही, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण हसेल की. भ्यालेलं पोर आहे, घेईल थोडे दिवस.

एका संध्याकाळी धोंडुबाई खाली बाकावर जाऊन बसली होती. वर्षाराणीनं राजवीरला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, पावडर लावली, नवं झबलं घातलं आणि मांडीवर घेऊन प्यायला दिलं. खिडकीबाहेर, भिंतीच्या पलीकडं, अजून न विकलेल्या रानात ऊस हलत होता. पोराच्या टाळूला साबणाचा वास येत होता. तिनं वाकून त्याचा मुका घेतला.

ओठ खारट झाले.

घाम असेल. पण आत्ताच तर न्हाऊ घातलेलं. तिनं पदराचा शेव पाण्यात बुडवून त्याचं डोकं पुसलं, आणि परत ओठ टेकले. खारट. पुसलं तितकं जास्तच खारट. तिनं कानापाशी ओठ लावून बघितले, गालाला, हाताच्या तळव्याला. तिला थांबताच येईना. आणि तिच्या छातीत दूध असं दाटून आलं की झंपर भिजून पदर भिजला.

तेवढ्यात भिंतीवरचा इंटरकॉम वाजला.

मांडीवरचं पोर दचकलं नाही. एका हातानं त्याला सावरत ती उठली आणि तिनं फोन कानाला लावला. कुणी काही विचारलं नाही. लांब उसात वारं सुटल्याचा आवाज तेवढा येत होता.

मग एक बाळ हसलं. आणि मागोमाग त्याला उचकी लागली.

वर्षाराणीनं तोंड उघडलं. काय म्हणायचं असतं ते तिला पाठ होतं. पण शब्द फुटेना. मांडीवरचं उचलून कडेवर घेतलेलं ते, डोळे मिटून, न थांबता पीत होतं. आणि तिचा हात त्याच्या पाठीवरून फिरत होता, फिरतच होता.